कौटुंबिक हिंसाचार आणि मोफत कायदेशीर मदत: पहिल्या अर्जापासून पोटगीच्या वसुलीपर्यंत

महाराष्ट्रातील कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो किंवा मुळीच नसो, न्यायालयीन कामासाठी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ या कायद्याच्या कलम १२ ने दिलेला असून, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-क मध्ये त्याचा पाया आहे. तरीही तालुक्याच्या न्यायालयात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या बहुतेक बायकांना हे ठाऊक नसते. मग कोणी दागिने गहाण टाकून वकिलाची फी भरते, तर कोणी पैसे नाहीत म्हणून मार खात राहते. ज्यांना हा सगळा कारभार नवा आहे, अशा स्त्रियांसाठी आणि त्यांच्या सोबत जाणाऱ्या आई, बहीण, मैत्रीण, आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांच्यासाठी हा लेख आहे. यातील कार्यालये आणि कामाची पद्धत महाराष्ट्रातील आहे. गोव्याविषयी पुढे थोडे वेगळे लिहिले आहे.

जीव आधी, कागद नंतर

मारहाण चालू असेल किंवा होण्याची भीती असेल, तर ११२ वर पोलिसांना आणि १८१ वर महिला हेल्पलाइनला फोन करावा. मुलांना धोका असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. नवरा फोन तपासत असेल तर शेजारच्या घरातून किंवा दुकानातून फोन करणे अधिक सुरक्षित, कारण केलेल्या फोनची नोंद पाहूनच पुढची मारहाण होऊ शकते. रात्रीत घर सोडावे लागले आणि माहेर लांब असेल, तर जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जावे. तेथे साधारण पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय होते आणि वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, समुपदेशन व कायद्याचा सल्ला एकाच छताखाली मिळतो. मुली आणि लहान मुलगे सोबत राहू शकतात.

जखम झाली असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना खरे कारण सांगावे. ‘मोरीत घसरून पडले’ असे सांगितले की तेच केसपेपरवर लिहिले जाते आणि पुढे तोच कागद विरुद्ध पक्षाचा वकील न्यायालयापुढे ठेवतो. ‘नवऱ्याने मारले’ असे सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी रुग्णालयातील नोंद, करून घ्यावी आणि केसपेपरची प्रत जवळ ठेवावी. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत यासाठी ‘दिलासा’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याची सुरुवात २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली, आणि तेथील समुपदेशक अशा स्त्रीशी एकांतात बोलतात.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची की नाही, हा निर्णय तुमचा आहे. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ यांनी घेतली असून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. पोलिसांनी केवळ अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, लिहून घेतली तरी तिची प्रतही जपावी, कारण त्या दिवशी काही घडले होते याचा तो पुरावा असतो. गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पोलीस ठाण्याच्या आवारातच अनेक ठिकाणी महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला हा उपक्रम पुढे राज्यभर पसरला. तेथे बसणाऱ्या पोलीस नसून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात, त्यामुळे तक्रार कशी मांडायची हे त्यांच्याशी आधी बोलून घेतल्याने फार फरक पडतो.

पिशवीत काय असावे

घर सोडण्याची वेळ येईल असे वाटत असेल, तर काही कागद आधीच माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे पोहोचवावेत: तुमचे आणि मुलांचे आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक, विवाह नोंदणीचा दाखला आणि तो नसेल तर लग्नपत्रिका व लग्नाचे फोटो. दवाखान्याचे कागद आणि दागिन्यांच्या पावत्याही त्यातच ठेवाव्यात. मूळ कागद काढता आले नाहीत तर मोबाईलवर फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवावेत. कागद नाहीत म्हणून अर्ज अडत नाही. त्यामुळे जीव धोक्यात असेल तर कागदांसाठी घरात मागे फिरू नये.

नवऱ्याच्या उत्पन्नाचे पुरावे गोळा करणे याहून अवघड आहे, पण पोटगीची रक्कम त्यावरच ठरते. पगारपत्रक, कंपनीचे ओळखपत्र, रिक्षा किंवा टेंपोची कागदपत्रे, दुकानाच्या पाटीचा फोटो, साखर कारखान्याचे उसाचे बिल, दूध संस्थेचे पासबुक, घरभाड्याची पावती, यांपैकी जे हाती लागेल त्याचा फोटो काढावा. शेतजमिनीचा सातबारा व आठ-अ उतारा गाव आणि गट क्रमांक माहीत असल्यास महाभूमीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, त्यासाठी नवऱ्याकडे काही मागावे लागत नाही. ‘माझे काहीच उत्पन्न नाही’ असे सांगणाऱ्या माणसाच्या नावावर दोन एकर ऊस उभा असल्याचे एका उताऱ्यावरून न्यायालयाला दाखवता येते.

धमकीचे संदेश किंवा ध्वनिमुद्रण ज्या फोनमध्ये आहे, तो फोन विकू नये आणि त्यातील माहिती पुसू नये. अशा नोंदी पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते काम सोपे जाते.

मोफत वकील कसा मागावा

तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. दोन्ही ठिकाणी अर्ज चालतो. उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जावे लागते. नेमके कोठे जायचे हे कळत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लावावा, त्यावर सल्लाही मिळतो आणि जवळच्या कार्यालयाची माहितीही. ऑनलाइन अर्जाची सोय आहे, पण पहिल्यांदा शक्य असेल तर स्वतः जावे असे माझे मत आहे, कारण समोरासमोर बोलताना अडचण नीट सांगता येते आणि अर्ज मिळाल्याची पोच लगेच हातात पडते.

अर्जाचा नमुना साधा असतो. नाव, पत्ता, वय, कोणत्या कामासाठी वकील हवा, विरुद्ध पक्ष कोण आणि कोणत्या वर्गात तुम्ही पात्र आहात, एवढेच त्यात विचारलेले असते. पात्रतेच्या रकान्यात ‘स्त्री’ असे लिहिले की पुरे. येथे एक अडथळा वारंवार येतो: कोणीतरी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगते आणि ती स्त्री सेतू केंद्राच्या रांगेत आपले दिवस घालवते. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांनाही नाही. दाखला मागितल्यास ‘मी कलम १२ नुसार स्त्री म्हणून अर्ज करते आहे’ असे शांतपणे सांगावे आणि तरीही अडवणूक झाली तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटावे. सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्या पुरुषांना लागू होते, महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे आणि त्यासाठीही साधारणपणे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे असे कायद्याच्या कलम १३ मध्ये म्हटले आहे. म्हणजे मुलांना भेटण्याचा हक्क मागणारा हमाल बाप किंवा मुलाने घराबाहेर काढलेले म्हातारे आईबापही याच खिडकीवर येऊ शकतात.

लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी सांगावे. तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक अर्ज लिहून घेतात आणि अंगठा चालतो. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा असा नियम आहे. वकिलाच्या नेमणुकीचे पत्र तुमच्या हाती आले की त्यावरील नाव आणि क्रमांक पाहून लगेच भेटीची वेळ घ्यावी.

या मदतीत वकिलाची फी, टंकलेखन, न्यायालयीन शुल्क, समन्स बजावण्याचा खर्च आणि आदेशांच्या प्रमाणित नकला हे सगळे येते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. ‘झेरॉक्सला द्या’, ‘साहेबांच्या चहापाण्याला द्या’ अशी मागणी झाली तर ती सचिवांकडे लेखी कळवावी आणि दुसरा वकील मागावा. वकील तारखेला येत नाही, फोन उचलत नाही, काय चालले आहे ते सांगत नाही, अशा वेळीही वकील बदलून मागता येतो. मोफत मिळालेला वकील दुय्यम असतो हा समज मला मान्य नाही. पण चांगल्या वकिलालाही तुमच्याकडून नीट माहिती मिळाली नाही तर तो फारसे काही करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या बायकांना फारशी ठाऊक नसते. राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, विवाहातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत दावा करणाऱ्या स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केलेले आहे. म्हणजे स्वतःचा खासगी वकील लावला असला तरीही अशा दाव्यात शुल्काचा मुद्रांक लावण्याचे कारण नाही.

पहिला अर्ज कशाचा करावा

बहुतेक जणी वकिलापुढे बसताच ‘मला घटस्फोट हवा’ असे म्हणतात. त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे, तरी क्रम चुकतो असे मला ठामपणे वाटते. घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर घर, पैसा, मुलांची शाळा यांचे काय, याचे उत्तर त्या एका दाव्यात आपोआप मिळत नाही. म्हणून आधी संरक्षण, निवारा आणि पोटगी मागावी, घटस्फोटाचा विचार अंगावरचा ताण उतरल्यावर करावा.

यासाठी सर्वांत उपयोगी कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, मूल होत नाही किंवा मुलगीच झाली म्हणून टोमणे, घरखर्चाला पैसे न देणे, पगार काढून घेणे, दागिने विकणे हे सगळे या कायद्यात हिंसाचारच ठरते. पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही दाद मागू शकते. कायद्यात पूर्वी फक्त सज्ञान पुरुषांविरुद्ध अर्ज करण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती मर्यादा काढून टाकल्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात होतो आणि तो तुम्ही आज जेथे राहता तेथेच करता येतो, मग ते राहणे तात्पुरते का असेना. सासर नांदेडला आणि माहेर साताऱ्याला असेल तर साताऱ्यातच अर्ज द्यावा. प्रत्येक तारखेला नांदेडची एसटी पकडण्याची वेळ स्वतःवर आणू नये. एकाच अर्जात पुढील गोष्टी मागता येतात: मारहाण व संपर्क थांबवण्याचा संरक्षण आदेश (कलम १८), राहत्या घरातून न काढण्याचा किंवा भाड्याचे घर देण्याचा निवास आदेश (कलम १९), खर्च व पोटगी (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) आणि नुकसानभरपाई (कलम २२). स्त्रीधन परत मिळण्याची मागणीही त्यातच लिहावी. त्यासाठी दागिन्यांची यादी जोडावी आणि अंदाजे वजन व कोणी दिले ते लिहावे. लग्नाच्या फोटोंत ते दागिने अंगावर दिसत असतील तर ते फोटो सोबत लावावेत.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा त्यात राहण्याचा हक्क संपत नाही. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. सध्या काही कुटुंबे ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुनेला बाहेर काढण्याचा मार्ग शोधतात. अशा अर्जाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नये, ताबडतोब वकिलाला दाखवावी. त्या संक्षिप्त प्रक्रियेचा वापर करून सुनेचा निवासाचा हक्क डावलता येत नाही, असाही २०२० सालचाच निकाल आहे, पण तो मुद्दा मांडण्यासाठी तेथे हजर राहावे लागते.

अर्ज तीन वाटांनी जाऊ शकतो: तुम्ही स्वतः, तुमच्या वकिलामार्फत किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. संरक्षण अधिकारी तुमचे म्हणणे ऐकून ‘कौटुंबिक घटना अहवाल’ तयार करतात आणि तो न्यायालयाला पाठवतात. त्याची मोफत प्रत तुम्हाला मिळते. असा अहवाल नसला तरी थेट केलेला अर्ज चालतो, त्यामुळे अधिकारी रजेवर आहेत म्हणून थांबून राहू नये.

घटना कशा लिहाव्यात

अर्जाचा जीव त्यातील घटनांच्या वर्णनात असतो आणि ते काम वकिलावर सोडून चालत नाही. ‘गैरअर्जदार हे अर्जदारास वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देत असत’ हे वाक्य बहुतेक अर्जांत असते आणि त्यातून न्यायाधीशांना काहीही कळत नाही. त्याऐवजी असे सांगावे: ‘दिवाळीच्या पाडव्याच्या रात्री साधारण दहा वाजता, भाऊबीजेला माहेरी जाण्यावरून बोलणे झाले असता पतीने लाटण्याने माझ्या डाव्या मनगटावर मारले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. दुसऱ्या दिवशी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेथील केसपेपर सोबत जोडला आहे.’ वेळ, जागा, वस्तू, कोण हजर होते आणि नंतर काय केले, एवढे आले की आरोपाला आधार मिळतो. तारीख आठवत नसेल तर सण, पेरणी, मुलाची परीक्षा, गावची जत्रा यांच्या आधाराने काळ सांगावा. अंदाजाने खोटी तारीख लिहू नये, कारण उलटतपासणीत ती पकडली गेली तर खऱ्या घटनांवरही संशय येतो.

वकिलाला भेटण्यापूर्वी एका वहीत पहिली घटना, सर्वांत गंभीर घटना आणि शेवटची घटना एवढे तरी लिहून काढावे. आर्थिक त्रासाच्या घटना बायका हटकून विसरतात. पगाराचे एटीएम कार्ड कोणाकडे होते, बचत गटाचे कर्ज कोणी उचलायला लावले, गॅसच्या टाकीला पैसे कोण देई, हेही लिहावे. लैंगिक हिंसेबद्दल बोलणे कठीण जाते. ते वकील स्त्री असेल तरच सांगेन असे वाटत असेल तर विधी सेवा कार्यालयात महिला वकिलाची मागणी करावी, आणि सुनावणी बंद दालनात व्हावी अशी विनंती न्यायालयाला करता येते.

अंतरिम आदेश मागितल्याशिवाय अर्ज देऊ नये

पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक न्यायालयांत याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणूनच कलम २३ नुसार अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह पहिल्याच दिवशी द्यायला हवा. प्रसंग गंभीर असेल तर न्यायदंडाधिकारी विरुद्ध पक्षाला ऐकण्यापूर्वीच एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात. वकिलाला ‘अंतरिम अर्ज लावला का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात बंधनकारक केले आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही त्यात सांगितले आहे. हे प्रतिज्ञापत्र भरताना शिवणकामाचे किंवा धुणीभांड्याचे चार पैसे मिळत असतील तर ते लपवू नयेत. थोडी कमाई असल्याने पोटगीचा हक्क जात नाही, पण खोटे प्रतिज्ञापत्र उघड झाले तर मोठे नुकसान होते. खर्चाच्या बाजूला घरभाडे, शाळेची फी, औषधे, प्रवास हे खरे आकडे लिहावेत.

फक्त पोटगी हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा वेगळा अर्जही आहे, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घटस्फोट झालेल्या मुस्लिम स्त्रियाही त्याखाली पोटगी मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले.

तारखा, समुपदेशन आणि तडजोड

नोटीस बजावली जात नाही म्हणून पहिले कित्येक महिने वाया जातात. नवऱ्याचा घरचा पत्ता, कामाचे ठिकाण, मोबाईल क्रमांक, गावातील खूण, हे सगळे अर्जात द्यावे. प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागचे आदेश दिसतात, त्यासाठी वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही. तारखेला शक्यतो स्वतः हजर राहावे.

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत विवाहविषयक दावे कुटुंब न्यायालयात चालतात. १९८४ च्या कायद्यानुसार तेथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण अर्ज करावा लागतो. तेथे विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. समुपदेशकासमोर मोकळेपणाने बोलावे, मुलांना भेटण्याच्या वेळा ठरवण्यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. नवऱ्यासोबत एका खोलीत बसण्याची भीती वाटत असेल तर तसे सांगून वेगळी भेट मागावी. ‘संसार आहे, भांड्याला भांडे लागतेच’ अशा शब्दांत कोणी समजूत काढू लागले, मग ते नातेवाईक असोत, दक्षता समितीचे सदस्य असोत की आणखी कोणी, तर नांदायला परत जाण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही हे लक्षात ठेवावे.

तडजोड करायचीच असेल तर ती न्यायालयासमोर लेखी व्हावी आणि तिच्यात रक्कम, हप्त्यांच्या तारखा, दागिने, मुलांचा ताबा हे सगळे आकड्यांसह यावे. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मुद्रांकावर नोटरी करून दिलेल्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह कायदेशीर मोडत नाही. एखाद्या समाजात तशी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध व्हावे लागते आणि ते सोपे नसते. अशा कागदावर ‘मला पोटगी नको’ असे लिहून घेतले जाते, त्यावर सही करू नये. यापूर्वी केली असेल तरी वकिलाला दाखवावी, त्या एका ओळीने पोटगीचा मार्ग बंद झाला असे समजू नये.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी

२००५ चा कायदा आणि मोफत विधी सेवा गोव्यातही तशीच लागू आहे, अर्ज तालुक्याच्या समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करावा. विवाह आणि संपत्ती यांचे कायदे मात्र तेथे पोर्तुगीज काळापासूनचे आहेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतीपत्नींची मालमत्ता सहसा सामाईक मानली जाते आणि पत्नीचा त्यात अर्धा वाटा असतो. महाराष्ट्रातून लग्न होऊन गोव्यात गेलेल्या स्त्रीने विवाहाची नोंदणी कोठे आणि कशी झाली, हे कागद पाहूनच सल्ला घ्यावा.

आदेश हातात आल्यावर

२००५ च्या संरक्षण कायद्याखालील आदेशाची प्रत मोफत मिळते. तिची एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात पोचली आहे ना, याची खात्री करावी. संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आदेश मोडला गेला की तारीख-वेळ लिहून ठेवून लगेच तक्रार करावी.

पोटगी आदेशावर असते, पण खात्यात येत नाही, ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. कलम १४४ ची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज द्यावा. तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो, म्हणून दोन-तीन महिने थकताच अर्ज करणे शहाणपणाचे, नाहीतर जुनी थकबाकी त्या मार्गाने वसूल करता येत नाही. वॉरंट काढूनही पैसे दिले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नवरा नोकरीत असेल तर संरक्षण कायद्याच्या कलम २० मध्ये याहून चांगला उपाय आहे: न्यायालय त्याच्या मालकाला, किंवा त्याचे पैसे देणे असलेल्या कोणालाही, ती रक्कम थेट तुम्हाला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकते. ही मागणी मूळ अर्जातच करून ठेवावी आणि पोटगी बँक खात्यात जमा व्हावी असे लिहून घ्यावे, म्हणजे किती मिळाले आणि किती राहिले याचा वाद पासबुकावरूनच मिटतो.

आदेश मान्य नसेल, रक्कम फार कमी वाटत असेल किंवा अर्जच फेटाळला गेला असेल, तर संरक्षण कायद्याखालील आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठीही मोफत वकील मिळतो, पण नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करावा आणि ती हाती येण्याची वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अपिलासाठी वकील मागावा.